क्लायमॅक्टिक म्हणजे निसण

गेल्या वर्षावासातली गोष्ट. पिशोरला आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळचे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन नुकतेच आटोपले होते. धम्मपालन गाथा म्हणून माणसे आपापल्या घरी निघाली. बाहेर भुरभुर पाऊस होता. आमची लेक मात्र वहीत डोके घालून बसली होती. यंदा ती बारावीला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धा होणार होती आणि ती इंग्रजीतून बोलणार होती. आमच्या घरात इंग्रजीतून भाषण करायला निघालेले हे दुसरे माणूस. पहिले आम्ही. त्या पहिल्याचे काय झाले ते पुढे येईलच.

तिने आम्हाला भाषण वाचून दाखवले. त्यात एक वाक्य असे होते की, १४ ऑक्टोबर १९५६ हा आमच्या इतिहासातला 'क्लायमॅक्टिक' क्षण होय. हा शब्द कानावर पडताच आम्ही म्हणालो, "तो शब्द काढून टाक. साधे 'ग्रेट' म्हण."

"का बाबा? चुकलाय का?"

"चुकला नाही. पण काढ."

तिने काही न बोलता शब्दावर काट मारली. रात्री जेवताना मात्र पुन्हा विचारले, "चुकला नाही तर काढायचा कशाला?" आमच्यापाशी उत्तर होते, पण ते सांगायची लाज वाटत होती. तीसहून अधिक वर्षे आम्ही ते कुणाला सांगितले नव्हते. त्या रात्री सांगावे लागले.

सन १९९० मध्ये आम्ही कॉलेजात शिकायला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे होते. विषय आपापल्या आवडीचा. आम्ही आठ दिवस पाठांतर केले. एका कोशातून भारदस्त शब्द उतरवून काढले. त्यांतलाच हा एक. उभे राहिलो आणि बोललो की, नागपूरची दीक्षा ही आमच्या चळवळीतली 'क्लायमॅटिक' घटना होती. शिकवणारे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "अच्छा! मग त्या दिवशी नागपूरचे हवामान कसे होते?"

सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरचे हसले ते शब्द कळला म्हणून, मागचे हसले ते पुढचे हसत होते म्हणून. आमच्या वस्तीतला जो एक मुलगा आमच्याबरोबर शिकत होता, तोही हसला. आम्ही खाली बसलो. उरलेली तीन मिनिटे कुणी मागितली नाहीत आणि आम्हीही दिली नाहीत. त्यानंतर चारचौघांत इंग्रजी वाक्य आमच्या तोंडून आले नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेलो, तिथेही मराठीच बोललो. नोकरी मिळाली नाही ती त्याचमुळे असे आम्ही म्हणणार नाही. पण जिथे इंग्रजी बोलावे लागेल अशा जागी अर्जच करायचा नाही, हे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते.

चूक काय होती? एका अक्षराची. मधला एक 'सी' आम्ही खाल्ला होता. इंग्रजीत 'क्लायमेट' म्हणजे हवामान. त्याचे विशेषण 'क्लायमॅटिक', म्हणजे हवामानाविषयीचे. 'क्लायमॅक्स' म्हणजे नाटक-सिनेमात चढत चढत जाऊन ताण जिथे टोकाला पोचतो ती जागा. त्याचे विशेषण 'क्लायमॅक्टिक'. उच्चारताना मधला 'क्' ऐकू आला पाहिजे. क्लाय-मॅक्-टिक. तो 'क्' गेला की दीक्षाभूमीवर ढग येतात!

लेकीने सगळे ऐकून घेतले. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, मी तर 'सी' लिहिलाय." मग आमच्या ध्यानात आले की शब्द तिने बरोबर लिहिला होता, अर्थही तिला ठाऊक होता आणि तरी तो आम्ही तिला काढायला लावला होता. आमच्यावर कुणीतरी एकदा हसले, म्हणून तिच्यावर कुणी हसू नये, या काळजीपोटी. काळजी खरी होती. पण तिचा परिणाम काय? जे काम त्या वर्गाने आमच्या बाबतीत केले, तेच आम्ही आमच्या लेकीच्या बाबतीत करायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही दोघे त्या शब्दाच्या पाठीमागे लागलो. तिच्याजवळ मोबाईल, आमच्याजवळ जुना कोश. जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवतो, कारण आपल्या पुष्कळ मुलांना हा शब्द परीक्षेत नाही तर भाषणात भेटणार आहे.

'क्लायमॅक्स' हा शब्द मूळचा ग्रीक. त्या भाषेत 'क्लिमॅक्स' म्हणजे शिडी. आमच्या भागातली म्हातारी माणसे शिडीला निसण म्हणतात. माळवदाच्या घराला बाहेरून टेकवून ठेवलेली लाकडी निसण ज्याने पाहिली आहे, त्याला हा शब्द निम्मा कळलाच म्हणायचा. पुढे वक्तृत्व शिकवणाऱ्यांनी एका अलंकाराला हे नाव दिले. एक कल्पना, तिच्यावर दुसरी, तिच्याहून चढती तिसरी, अशी पायरीपायरीने वाक्ये रचत जायचे. आपल्या मराठी व्याकरणात याला सार अलंकार म्हणतात आणि तो शाळेत शिकवतात. म्हणजे मुळात क्लायमॅक्स म्हणजे अख्खी शिडी. सगळ्यात वरच्या पायरीलाच क्लायमॅक्स म्हणायची रीत नंतर पडली आणि 'क्लायमॅक्टिक' हे विशेषण तर एकोणिसाव्या शतकातले.

आता गंमत पाहा. 'क्लिमॅक्स' हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ टेकणे, कलणे असा आहे. शिडी टेकवावी लागते म्हणून ती क्लिमॅक्स. आणि हवामानाचा 'क्लायमेट' कुठून आला? त्याच धातूपासून! पृथ्वीचा उतार, कल, त्यावरून प्रदेश आणि प्रदेशावरून हवामान. म्हणजे हे दोन्ही शब्द एका आईच्या लेकी. त्या दिवशी आम्ही थोरलीला धाकटीच्या नावाने हाक मारली, इतकाच आमचा गुन्हा. चूक ती चूकच, ती बरोबर होती असे आम्ही म्हणत नाही. पण हसण्याऐवजी एवढे कुणी सांगितले असते, तर उरलेली तीन मिनिटे आम्ही बोललो असतो.

याच घरातला तिसरा शब्द 'क्लायमॅक्टेरिक'. मूळ अर्थ शिडीचा दांडा. बायकांची पाळी थांबण्याच्या वयाला डॉक्टर लोक हा शब्द वापरतात. औषधाच्या चिठ्ठीवर तो दिसला तर आयाबहिणींनी घाबरून जाऊ नये. एक दांडा ओलांडून पुढच्या दांड्यावर पाय ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ.

हे विशेषण वापरायचे कुठे? मोठ्या, चांगल्या, लक्षात राहणाऱ्या सगळ्याच गोष्टींना ते चालत नाही. एखाद्याला अचानक लॉटरी लागली, तर तो दिवस आनंदाचा असेल, क्लायमॅक्टिक नव्हे. कारण त्याच्या आधी काही चढत आलेले नसते. शेवटालाही ते चालत नाही. तमाशाच्या वगात शेवटी सगळे एकत्र येऊन गातात, तो शेवट. त्याच्या आधी जिथे सोंग उघडे पडते, खरे-खोटे समोरासमोर येते आणि बसलेली माणसे पुढे सरकतात, तो प्रवेश क्लायमॅक्टिक. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा हाच बाज उचलला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी गवळण बाजूला सारली, पण सवाल-जवाबाने चढत जाण्याची रीत ठेवली. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर करून दाखवले, तेव्हाही एका युगावर दुसरे युग अशी ही निसणच रंगमंचावर उभी राहिली होती. तेव्हा 'क्लायमॅक्टिक' म्हणण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. याच्या खाली काय चढत आले होते?

लेकीच्या वाक्याला हा प्रश्न आम्ही लावून पाहिला.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला आणि या मनोऱ्याला शिडीच नाही. खालच्या मजल्यावर जन्मला तो कितीही लायक असला तरी वर जायचा नाही, वरचा कितीही नालायक असला तरी खाली यायचा नाही. हे वाचताना आम्ही थबकलो. ज्या शब्दाचा अर्थच शिडी, तो शब्द आमची लेक बाबासाहेबांच्या चळवळीला लावत होती आणि बाबासाहेबांची पहिली तक्रारच ही होती की इथे शिडी नाही.

मग ती केली कशी? एकेक दांडा ठोकत. २० मार्च १९२७, महाडचे चवदार तळे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. २ मार्च १९३०, नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह. १३ ऑक्टोबर १९३५, येवला. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा तिथे झाली. येवला आमच्यापासून दूर नाही, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातच. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज, त्याचेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस आहे. एवढी चढण पायाखाली असल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ ला 'क्लायमॅक्टिक' म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? शब्द अगदी नेमका बसतो.

पण लेकीने तिथे एक शंका काढली. "बाबा, नाटकात क्लायमॅक्सनंतर पडदा पडायला येतो. मग आपल्या दिवसाला 'प्रवर्तन' का म्हणतात? प्रवर्तन म्हणजे तर सुरुवात."

या शंकेला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. आम्ही तिला आजीकडे पाठवले. आमची माय आता ऐंशीच्या घरात आहे. १९५६ साली ती आठ-नऊ वर्षांची होती. आपला हा भाग तेव्हा अजून हैदराबाद संस्थानच्या नावाने चालणाऱ्या राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेनंतर. नागपूरला आमच्या घरचे कुणी गेले नव्हते, तेवढे भाडेच नव्हते. आमच्या घरी दीक्षा आली ती पुढच्या पावसाळ्यात.

नातीने विचारले, "आजी, तुझ्यासाठी सगळ्यात मोठा दिवस कोणता?"

माय म्हणाली, "माह्या मायनं घरातले देव फडक्यात बांधले अन् नदीला नेऊन सोडले, तो. रातच्याला ती रडली. मला वाटलं देवासाठी रडती. ती म्हणे, इतके साल यायला नैवेद्य दाखवला अन् पोरायला उपाशी ठेवलं, त्याच्यासाठी रडते."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी काय? खुरपायला गेलो. मजुरी तीच, चिखल तोच. फक्त गावातलं मेलेलं ढोर वढायला त्या दिवसापासून आमच्या घरचं कुणी गेलं नाही. त्यापायी दोन महिने कुणी कामाला बलावलं नाही. भाजीपाला खाऊन काढले ते दिवस."

इंग्रजीत 'अँटिक्लायमॅक्टिक' असाही एक शब्द आहे. खूप चढून गेल्यावर जिथे भलते मोठे काही होईल असे वाटते, तिथे अगदी साधेच काहीतरी होते आणि मन खट्टू होते, त्याला तो लावतात. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची खुरपणी बाहेरून पाहणाऱ्याला तशीच वाटेल. आपल्या इतिहासात असे दिवस थोडेथोडके नाहीत. दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. अनुसूचित जातींना मिळणाऱ्या केंद्राच्या सवलती धम्म स्वीकारलेल्यांना मिळाव्यात म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली ती १९९० मध्ये, तब्बल चौतीस वर्षांनी. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे, जनार्दन मेवाडे यांचे बळी गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. एवढे होऊन १४ जानेवारी १९९४ ला जे झाले ते नामांतर नव्हते, नामविस्तार होता. त्या दिवशी आम्ही औरंगाबादेतच होतो. माणसे पेढे वाटत होती आणि डोळेही पुसत होती. आमच्याजवळ उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही, खिशात ठेवला. तो दिवस क्लायमॅक्टिक की अँटिक्लायमॅक्टिक, हे आम्हाला आजही ठरवता येत नाही.

मायचे बोलणे ऐकल्यावर लेकीला तिच्या शंकेचे उत्तर मिळाले असे तिने सांगितले. आम्हाला ते थोडे उशिराने, पितळखोऱ्याला गेल्यावर मिळाले.

पितळखोरा आमच्याच कन्नड तालुक्यात आहे. सातमाळ्याच्या डोंगरात कोरलेली ही लेणी इसवी सनापूर्वीची, थेरवादी परंपरेतली. वेरूळ-अजिंठ्याला गर्दी असते, इथे क्वचितच कुणी भेटते. आधी दरीत बरेच खाली उतरावे लागते आणि मग लेण्यात वर चढायचे. चार नंबरच्या लेण्याला खडकाच्या पोटातून कोरलेला जिना आहे. दारावर द्वारपाल, बाजूला हत्ती. तिथल्या चैत्यगृहाचे खांब एका राजाने दिलेले नाहीत. कुठला खांब पैठणच्या अत्तरविक्याच्या घराण्याने दिला, कुठला दुसऱ्या कुणी. इतर दानांवर राजवैद्याचे नाव आहे. एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव आहे. हे सारे कष्टाचे धंदे करणारे लोक. एकेकाने एकेक खांब दिला आणि लेणे उभे राहिले.

त्या जिन्यावर लेक मध्येच बसली आणि म्हणाली, "बाबा, तथागतांना बोधी प्राप्त झाली ती पस्तिसाव्या वर्षी. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे ते चालतच होते."

हे आम्हाला ठाऊक होते, प्रत्येक वर्षावासात आपण ते वाचतो. पण त्या जिन्यावर ते नव्याने समजले. बोधिवृक्षाखालचा क्षण हा बुद्धचरित्रातला क्लायमॅक्टिक क्षण खराच. पण तथागत त्या वरच्या पायरीवर बसून राहिले नाहीत. ते उठून सारनाथला गेले आणि पाच जणांना सांगितले, त्याला आपण धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो. १४ ऑक्टोबरलाही आपण तेच नाव देतो. म्हणजे आपल्या परंपरेत निसण चढून जायचे ते दुसऱ्यासाठी खाली धरून उभे राहायला. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेनंतर, ७ डिसेंबर १९५६ ला दादरला चितेसमोरच हजारो लोकांनी दीक्षा घेतली, ती याच समजुतीने. आमच्या मायची माय दुसऱ्या दिवशी खुरपायला गेली आणि ढोर ओढायला गेली नाही, तेही प्रवर्तनच.

लेकीने काट मारलेला शब्द परत लिहिला. वाक्य मात्र थोडे बदलले. हा क्लायमॅक्टिक क्षण होता, कारण त्याच्या खाली एवढ्या पायऱ्या होत्या, असे तिने लिहिले आणि पुढे पायऱ्या मोजल्या. शेवटी आजीची खुरपणी सांगितली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही मागच्या खुर्चीवर बसलो होतो. शब्द जवळ आला तसे आमचे हात गार पडले. ती मधल्या 'क्'वर नीट जोर देऊन बोलली. कुणी हसले नाही. खरे तर कुणाच्या ध्यानातही आले नसावे. तो शब्द आला आणि गेला. आम्ही तीस वर्षे ज्याला भीत होतो, ते एवढेच होते.

तिला बक्षीस मिळाले नाही. उत्तेजनार्थही नाही. परतीच्या एस.टी.त ती खिडकीपाशी बसली होती. बाहेर कापूस आणि मका मागे पडत होता. आम्ही समजूत घालायला म्हणून काही बोलणार, इतक्यात तीच म्हणाली, "अँटिक्लायमॅक्टिक, बाबा!" आणि हसली.

घरी आल्यावर तिने भाषणाची वही धाकट्या चुलतभावाला दिली. तो नववीत आहे. त्याने पहिलेच वाक्य वाचले आणि एका शब्दाशी अडला. आम्ही शेजारीच होतो. या खेपेला आम्ही त्याला काढून टाक म्हणालो नाही. आम्ही त्याला विचारले, "निसण पाहिलीस का रे कधी?"